बसवलं की घेरी का येते? मानेच्या दुखापतीनंतरचं लो बीपी, सोप्या भाषेत

गेल्या मे महिन्यात रावेरकडच्या एका लग्नात होतो. दुपारचे साडेबारा झालेले, मांडवात कूलर फिरत होते पण वारा गरमच येत होता. शेजारी व्हीलचेअरवर माझा दादा. आठ वर्षांपूर्वी केळीची गाडी भरताना वरून पडला, मानेचा मणका मोडला. आता खांदे हलतात, कोपर वाकतं, बोटं हलत नाहीत आणि छातीखाली काहीच नाही. वरण-बट्टी खाऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. दादाने एक जांभई दिली, लगेच दुसरी. मी ताट बाजूला ठेवून उठेपर्यंत त्याचे ओठ पांढरे पडले आणि मान छातीवर आली.

मांडवात गलका झाला. "सरळ बसवा त्याला!" "पाणी पाजा!" "कांदा हुंगवा!" "साखर टाका तोंडात!" दोघांनी काखेत हात घालून त्याला ताठ धरलं. त्यांची माया खरी होती, पण ते जे करत होते ते नेमकं उलटं होतं. मी खुर्चीच्या मागे गेलो, ब्रेक लावले, मुठी धरून खुर्ची मागे कलती केली आणि पाठीचा भाग माझ्या मांड्यांवर टेकवून घेतला. पुतण्याने दोन्ही पाय वर उचलून धरले. अर्ध्या-पाऊण मिनिटात दादाने डोळे उघडले आणि म्हणाला, "कूलर इकडं वळव."

नंतर लोक विचारत राहिले. अशक्तपणा आहे का? टॉनिक चालू आहे का? एवढा त्रास होतो तर लग्नाला आणलंच कशाला? प्रश्न काळजीचेच होते, म्हणून त्यांची उत्तरं नीट लिहितोय. मी डॉक्टर नाही. आठ वर्षं रोज सकाळी दादाला उठवून बसवणारा भाऊ आहे, आणि डॉक्टर-फिजिओथेरपिस्टांना विचारून विचारून हे समजून घेतलं आहे.

उठून बसलं की रक्त कुठे जातं?

आपण पलंगावरून उठतो तेव्हा साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडून पोटात आणि पायांत उतरतं. तरी आपल्याला घेरी येत नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाजवळ दाब ओळखणाऱ्या जागा असतात. दाब उतरला की त्या मेंदूला कळवतात. मेंदू लगेच हुकूम सोडतो: पायातल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळा, हृदय जोरात चालवा. शिवाय पोटऱ्यांचे स्नायू हलले की रक्त दाबून वर ढकललं जातं. हे सगळं काही सेकंदांत होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

ठिबक असलेल्या माणसाला हे लगेच समजेल. मोटर तीच, पाणी तेवढंच, पण सगळ्या प्लॉटचे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर चढावरच्या केळीला थेंबही पोचत नाही. खालचे व्हॉल्व्ह थोडे आवळले की वर दाब येतो. बसलेल्या माणसाचं डोकं म्हणजे तो चढावरचा प्लॉट.

मानेत तार तुटली की काय होतं?

मेंदूचा हुकूम खाली न्यायचं काम मज्जारज्जू करतो, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी नसांची जाड दोरी. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसा या दोरीतून छातीच्या पहिल्या मणक्यापासून कंबरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या भागात बाहेर पडतात. दुखापत मानेत असेल तर त्या सगळ्याच तुटलेल्या जागेच्या खाली राहतात. याच दुखापतीने चारही हातपाय लुळे पडतात, त्याला डॉक्टर क्वाड्रिप्लेजिया म्हणतात.

हल्ली आपल्याकडे मोटरला मोबाइल ऑटो बसवतात. घरून फोन लावला की शेतात मोटर चालू. मध्ये वायर तुटली तर तुम्ही कितीही वेळा फोन लावा, मोटर हलत नाही. दादाच्या शरीरात तेच होतं. बीपी उतरलं हे मेंदूला बरोबर कळतं, कारण ती खबर मज्जारज्जूतून न जाता वेगळ्या नसांमधून वर जाते. हुकूमही सुटतो, पण पोचत नाही. त्यात आणखी एक अडचण. हृदयाची गती कमी करणारी नस मेंदूतून निघून मज्जारज्जूच्या बाहेरून जाते, म्हणून ती शाबूत राहते. गती वाढवण्याचा मुख्य रस्ता मात्र तुटलेला असतो. म्हणजे ब्रेक आहे, ॲक्सिलरेटर जवळपास नाही. आणि पोटऱ्यांचे स्नायू हलत नसल्याने तो पंपही बंद.

बसल्यावर किंवा उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर त्याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. हे भारी नाव इथेच सोडू. आपण त्याला 'बसल्यावरची घेरी' म्हणू.

दुखापतीनंतरचे पहिले आठवडे सगळ्यात अवघड असतात. दादाला तेव्हा उशीला टेकवून नुसतं तिरकं केलं तरी डोळ्यापुढे अंधारी यायची. हळूहळू शरीर दुसरे मार्ग शोधतं. मूत्रपिंडातून मीठ-पाणी धरून ठेवणारी संप्रेरकं जास्त काम करू लागतात, मेंदूलाही कमी दाबाची सवय होते. बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत कमी होतो, पण अनेकांचा पूर्ण जात नाही.

मशीनवर ९०/६० दिसलं म्हणजे घाबरायचं का?

नाही. मानेच्या दुखापतीनंतर बसल्यावर ९०/६० किंवा त्याहूनही कमी बीपी असणं नेहमीचं आहे. दादाचं सकाळी बसल्यावर ८८ असतं आणि तो पेपर वाचत असतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघायचं. ओळीने जांभया, बोलता बोलता गप्प होणं, कानात घुंई, नजर धूसर, मान आणि खांद्यांत दुखणं, ओठ फिके पडणं, सांगितलेलं उशिरा कळणं. काहींना यातलं काहीच जाणवत नाही, नुसतं दिवसभर सुस्त वाटतं, कशात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, आळशी झाला, मन मारून बसला. हा आरोप करण्याआधी एकदा बसल्यावरचं बीपी मोजा.

मोजायची पद्धतही साधी आहे. झोपलेलं असताना एकदा, बसवल्यावर एका मिनिटाने एकदा, तीन मिनिटांनी पुन्हा. वहीत तारीख, वेळ आणि त्या वेळी काय वाटत होतं ते लिहायचं. आठवडाभराची अशी वही डॉक्टरपुढे ठेवली तर "चक्कर येते हो" या वाक्याच्या दसपट काम होतं.

घेरी आलीच तर

डोकं खाली, पाय वर. खुर्ची ब्रेक लावून मागे कलती करा आणि मागे घट्ट धरून ठेवा. काही खुर्च्यांना मागे छोटी चाकं असतात, ती खुर्ची उलटू नये म्हणून दिलेली असतात. ती आधी वर वळवावी लागतात. हे घरी भरलेल्या पोटाने नाही, शांतपणे दोन-तीनदा करून बघा, ऐनवेळी हात थरथरतात. खुर्ची कलती करता येत नसेल तर माणसाला आडवं करा.

अर्धवट शुद्धीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका. मानेच्या दुखापतीनंतर खोकला दुबळा असतो, ठसका लागला तर बाहेर काढता येत नाही, ते फुप्फुसात जातं. शुद्ध आली की खुर्ची एकदम सरळ करायची नाही, टप्प्याटप्प्याने करायची. आडवं करूनही एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, तर १०८ ला फोन.

आमची सकाळ

खरं काम घेरी यायच्या आधीचं आहे, आणि ते दादा पलंगावर आडवा असतानाच सुरू होतं.

आधी पायात मांडीपर्यंतचे घट्ट मोजे, तेच जे व्हेरिकोज व्हेनसाठी मिळतात. सुरुवातीला आमच्याकडे मोजे नव्हते, तेव्हा क्रेप बँडेज पावलाकडून मांडीकडे गुंडाळायचो. मोज्याला एकही चुणी राहू द्यायची नाही. दादाला ती टोचलेली कळत नाही, आणि संध्याकाळी तिथे लाल वळ उठलेला असतो. मग पोटाचा पट्टा. खालची कड कंबरेच्या हाडांवर, वरची कड शेवटच्या बरगडीच्या खाली, दोन बोटं आत जातील इतपत घट्ट. पोटात सगळ्यात जास्त रक्त साचतं, म्हणून मला विचाराल तर मोज्यांपेक्षा पट्टा महत्त्वाचा. मानेच्या दुखापतीत बसल्यावर श्वासालाही त्याने मदत होते. मात्र हे दोन्ही बसवायच्या आधी घालायचं. रक्त खाली उतरल्यावर घातलं तर अर्धा उपयोग गेला.

त्यानंतर एक मोठा पेला पाणी, आणि मग डोकं वर. आमच्याकडे हॉस्पिटलचा वरखाली होणारा पलंग यायला तीन वर्षं लागली. तोवर प्लॅस्टिकची खुर्ची पालथी घालून तिच्या पाठीला गोधडी लावायचो आणि दादाला टेकवायचो. आधी थोडं तिरकं, पाच मिनिटं थांबायचं. मग आणखी वर, पुन्हा थांबायचं. मग पाय पलंगाखाली सोडायचे. या वेळात आई त्याच्याशी बोलत राहते; उत्तर यायला उशीर झाला की आम्ही परत मागे टेकवतो. सगळं मिळून वीस मिनिटं. घाईच्या दिवशी पाच मिनिटांत उरकायला गेलो की हमखास घेरी येते आणि तास जातो.

अंघोळीच्या दिवशी पाणी कोमटच. गरम पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि खुर्चीवरच भोवळ येते.

पाणी कमी प्यायलं तर नळी कमी वेळा घालावी लागेल ना?

हा हिशोब फार घरांत होतो, आमच्याही घरी झाला. लघवीसाठी दिवसातून चार ते सहा वेळा नळी घालायची म्हणजे कोणीतरी घरी थांबायचं, म्हणून दादा स्वतःच पाणी तोडायचा. त्यात रक्ताचं पाणी कमी झालं, घेरी वाढली, वर लघवीचं इन्फेक्शन. पाणी पोटभर प्यायचं, पण एकदम तांब्याभर न पिता दिवसभर वाटून, आणि नळीच्या वेळा त्याला धरून ठरवायच्या. मूत्राशयात एका वेळी ५०० मिलीपेक्षा जास्त लघवी साचू द्यायची नाही, एवढं माप लक्षात ठेवायचं.

मिठाचं मात्र डॉक्टरांना विचारून. मीठ पाणी धरून ठेवतं, त्याने बीपीला आधार मिळतो, पण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेच नडतं.

जेवणानंतर रक्त आतड्यांकडे जातं, म्हणून पोटभर जेवणानंतर घेरीचा धोका सगळ्यात जास्त. लग्नात दादाचं तेच झालं: बट्टी, तूप, आणि वर दुपारचं ऊन. आता तो तीनऐवजी पाच वेळा थोडं थोडं खातो आणि दुपारी जेवल्यावर तासभर खुर्ची कलतीच ठेवतो. जेवणासोबत चहा घेतला तर काहींना बरं वाटतं. दारू रक्तवाहिन्या सैल करते, ती नकोच.

खानदेशचं ऊन

जळगाव-भुसावळात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा धडधाकट माणूस घामाने तरी निवतो. मानेच्या दुखापतीत दुखापतीच्या खाली घाम जवळपास येत नाही, कारण घामाचा हुकूमही त्याच तुटलेल्या तारेतून जातो. शरीर तापत जातं, कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, बीपी आणखी उतरतं. म्हणून उन्हाळ्यात घेरी आली की नुसतं डोकं खाली करून भागत नाही, अंगही निववावं लागतं. मानेवर, काखेत, चेहऱ्यावर ओला पंचा, समोर पंखा. आम्ही फवारणीचा छोटा हातपंप घेतला आहे, औषध कधीच न भरलेला, नवा. त्याने दर पंधरा मिनिटांनी हातापायांवर पाणी मारतो. थर्मामीटर खुर्चीच्या पिशवीतच असतो. बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत.

एक गोष्ट याच ओघात सांगतो. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या बेल्टचं बक्कल आणि खुर्चीचं लोखंडी पायदान इतकं तापतं की चटका बसतो, आणि ज्याला पायाची जाणीव नाही त्याला तो कळत नाही. दादाच्या घोट्यावर असा फोड आला होता. तो भरायला दोन महिने लागले.

एवढा त्रास आहे तर पडूनच का ठेवू नये?

कारण पडून राहिल्याने घेरी वाढते. शरीर जितके दिवस आडवं, तितकी उभ्या दाबाची सवय मोडते. सोबत बेडसोर, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमा, छातीत कफ, बद्धकोष्ठ. म्हणून रोज बसवायचं, मात्र हळू. रात्रीही शरीर पूर्ण सपाट नसलेलं बरं. डॉक्टरांना विचारून आम्ही खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या. सगळी खाट थोडी उतरती झाली की रात्री लघवीवाटे कमी पाणी जातं आणि सकाळी बीपी बरं राहतं. पण माणूस खाली घसरत नाही ना, कुल्ल्यावरची कातडी ओढली जात नाही ना, हे रोज बघायला हवं.

सलाईन लावलं की बरं वाटतं, मग तेच का नको?

जुलाब, उलट्या, ऊन यांमुळे अंगातलं पाणी खरंच गेलं असेल तर सलाईनचा उपयोग आहे. एरवी त्याचा परिणाम काही तासांचा. तुटलेली तार बाटलीने जोडली जात नाही. दर आठवड्याला सुई टोचून घेण्यापेक्षा पोटाचा पट्टा घ्या, स्वस्तात पडेल.

गोळ्याही आहेत. मिडोड्रिन रक्तवाहिन्या आवळते. ती दिवसा, बसायच्या आधी घेतात, आणि शेवटची गोळी झोपायच्या किमान चार तास आधी, नाहीतर आडवं झाल्यावर बीपी फार चढतं. फ्लुड्रोकॉर्टिसोन शरीरात मीठ धरून ठेवते. ती चालू असताना रक्तातलं पोटॅशियम तपासावं लागतं. या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घ्यायच्या गोळ्या नाहीत.

उलट, आधीपासून चालू असलेली कोणती गोळी बीपी उतरवते आहे का, हे पहिल्यांदा विचारा. स्नायूंचे झटके कमी करणाऱ्या बॅक्लोफेन आणि टिझॅनिडिन, लघवी मोकळी व्हावी म्हणून दिलेली टॅमसुलोसिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, लिंगाच्या ताठरतेसाठी दिलेली सिल्डेनाफिल. सगळ्यांची गरज असू शकते, त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. पण वेळ किंवा मात्रा बदलून फरक पडतो. गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून दाखवायला न्या.

याच शरीरात उलटा धोकाही असतो

हा भाग घाईत वाचू नका. ज्याला रोज लो बीपीचा त्रास आहे, त्याच माणसाचं बीपी काही मिनिटांत धोक्याइतकं चढू शकतं. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर दुखापत असलेल्यांना हे होतं. नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. दुखापतीच्या खाली काहीतरी खुपत असतं, तुंबलेलं मूत्राशय, अडकलेली संडास, बेडसोर, आत वाढलेलं नख, घट्ट कपडा. त्याला ते जाणवत नाही, पण खालचं शरीर आपल्या पातळीवर रक्तवाहिन्या आवळून टाकतं आणि 'सोडा' हा मेंदूचा हुकूम खाली पोचत नाही.

खुणा वेगळ्या असतात. ठणकणारी डोकेदुखी, चेहरा-मान लाल, त्यावर घाम, नाक चोंदणं, अंगावर शहारे, नाडी मंद. आणि इथे उपाय घेरीच्या बरोबर उलटा: आडवं करायचं नाही, ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टा आणि मोजे सैल करायचे. मग लघवीची नळी पिळली आहे का, पिशवी भरली आहे का ते बघायचं, नळी नसेल तर घालून मूत्राशय रिकामं करायचं. तरी उतरलं नाही तर संडास अडकली आहे का ते बघायचं, तेही बधिर करणारी जेली लावून, कारण नुसत्या बोटाने बीपी आणखी चढू शकतं. दर काही मिनिटांनी बीपी मोजायचं. उतरत नसेल तर थेट दवाखाना. असंच वाढत राहिलं तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

दादाला पहिल्यांदा हे झालं तेव्हा एका दवाखान्यात मशीनवर १३६ आलं आणि आम्हाला सांगितलं, "बीपी नॉर्मल आहे, घरी न्या." दादाचं रोजचं ९० आहे. नेहमीपेक्षा २० ते ४० ने वाढलं तरी ती इमर्जन्सी असते. त्या रात्री युरोबॅगची, म्हणजे लघवीच्या पिशवीची, नळी मांडीखाली दबलेली सापडली. मोकळी केली आणि दहा मिनिटांत डोकेदुखी गेली. म्हणून आपल्या माणसाचं रोजचं बीपी किती, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं आणि समोरच्या डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगता यायला हवं.

बसलेली घडी अचानक बिघडली तर

महिनोन्महिने ठीक असलेल्या माणसाला अचानक घेरी वाढली, तर कारण शोधायचं. लघवीचं इन्फेक्शन, ताप, जुलाब, बेडसोर, रक्त कमी होणं, नवीन गोळी. क्वचित मज्जारज्जूत पाण्याची पोकळी वाढत असते; हाताची ताकद किंवा जाणीव आधीपेक्षा कमी झाली, तर एमआरआयबद्दल विचारा.

लग्नाहून आल्यावर पुतण्याने वहीचं पान फाडून, प्लॅस्टिकमध्ये घालून दादाच्या खुर्चीच्या पाठीला चिकटवलं. मजकूर दादाने सांगितला, त्याने लिहिला:

"माझं रोजचं बीपी ९०/६० आहे.
ओठ पांढरे, मान पडली: खुर्ची मागे करा, पाय वर. तोंडात काही घालू नका.
डोकं ठणकतंय, तोंड लाल, घाम: ताठ बसवा, पट्टा सोडा, लघवीची नळी बघा.
भावाचा नंबर खाली आहे."